खंडेनवमीला बंद केलेला डबा

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, त्या काळ्या डब्यावर कागद कसला चिकटवलाय?" मी फोन जवळ नेऊन दाखवला. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे : बंद करू नये. "का?" असं तिनं विचारलं, तेवढ्यात तुमच्याकडे जेवायची हाक आली आणि उत्तर राहून गेलं.

ते उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येणारं नाही, म्हणून लिहिते आहे. आत्ताच लिहायला बसले त्याला आणखी एक कारण आहे. डबा आज चालू आहे, पण तो किती दिवस चालेल याची हमी दुरुस्त करणारीनं दिलेली नाही. घडलेलं सगळं क्रमानं आठवतंय तोवर ते कागदावर यावं, असं मला वाटतं. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा. जिथे बाबांबद्दल लिहिलं आहे तिथे ते घाईनं वाचतील, तेवढं लक्ष ठेवा.

सुरुवात वह्यांपासून करायला हवी. तुमचे आजोबा पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्या भागात पाऊस कमी. दसरा झाला की घरंच्या घरं ऊसतोडीला निघायची. कुणी संगमनेरकडे, कुणी देवळाली प्रवराकडे, कुणी पार कोल्हापूरपर्यंत. आईबापांबरोबर मुलंही जायची. दसऱ्याआधी वर्गात चाळीस पोरं असायची, दिवाळीनंतर बारा उरायची. उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत यायची, तोवर पुस्तक कुठे सोडलं होतं हे ना त्यांना आठवायचं ना त्यांच्या आईबापांना.

म्हणून आजोबा एक वही ठेवायचे. सरकारी हजेरीपट वेगळा, ही त्यांची स्वतःची. त्यात रकाने होते : मुलाचं नाव, वस्ती, कुठल्या कारखान्यावर गेलं, कधी गेलं, कधी आलं, आणि सगळ्यांत शेवटी, उजव्या कडेला, पान. म्हणजे भाषेच्या पुस्तकाचं कितवं पान चालू असताना मूल गेलं. ते परत आलं की आजोबा त्याला "काय आठवतंय?" असं कधीच विचारायचे नाहीत. ते वही बघायचे, पुस्तक त्या पानावर उघडून त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "चल, इथून पुढे." मला तेव्हा त्या गोष्टीचं काही विशेष वाटलं नव्हतं. मी पाथर्डी गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि माझ्या तपासायच्या वह्यांचे गठ्ठे मला पुरेसे होते.

दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. घरातली विळी, सुतळीचा दाभण, शिलाई मशीन, सायकल, ज्याचं जे पोट भरायचं साधन ते. त्या दिवशी ते वापरायचं नाही, पुसून-धुऊन पूजेला ठेवायचं. आजोबा त्यात त्या वर्षीची कोरी वही ठेवायचे. हळद-कुंकू वाहिलेली वही दसऱ्यानंतर पहिलं मूल निघालं की उघडायची. अशा सव्वीस वह्या झाल्या.

आम्ही दोघं निवृत्त होऊन संगमनेरला राहायला आलो तेव्हा त्या वह्या एका ट्रंकेत होत्या. उघडून बघते तो तीन वह्यांच्या कडांना वाळवी लागलेली. तुमच्या बाबांनी तेव्हा घरात स्कॅनर आणून ठेवला होता, आणि परदेशी जायच्या आधी फोटो-कागद साठवून ठेवणारा हा काळा डबाही बसवून दिला होता. त्यात दोन डिस्क आहेत, एकीवर जे जातं ते दुसरीवरही जातं, घरातल्या टीव्हीवरून आणि फोनवरून सगळं बघता येतं. मी दोन महिने रोज दुपारी बसून सव्वीस वह्या स्कॅन केल्या, वर्षाप्रमाणे नावं दिली, खणांत लावाव्या तशा लावल्या. मग दिवाळीच्या आवराआवरीत म्हटलं, "आता या घरात ठेवून वाळवीला आमंत्रण कशाला द्यायचं?"

आजोबा म्हणाले, "तू म्हणतेस तर दे."

गठ्ठा रद्दीवाल्याच्या गाडीपर्यंत त्यांनीच उचलून नेला. येताना गठ्ठ्याची सुतळी तेवढी सोडवून घेऊन आले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात डब्याचा दोष किती आणि माझा किती, हे तुम्हीच ठरवा.

त्यानंतर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. आजोबांचे जुने विद्यार्थी घरी येऊ लागले. कुणी टेम्पो चालवतो, कुणाची मुलगी इथल्या कॉलेजात आहे, कुणी अजून कोयता घेऊन ऊस तोडतो. चहा व्हायचा, मग आजोबा टीव्ही लावून त्या माणसाची ओळ काढायचे. पन्नाशीचा माणूस टीव्हीसमोर उभा राहून स्वतःचं नाव वाचायचा. आजोबा ओळीवर बोट ठेवून सांगायचे, "पान एकोणीस. आठवतंय का?" तो मोबाईलवर फोटो काढायचा आणि तिथूनच बायकोला पाठवायचा. या लोकांच्या घरात त्यांच्या लहानपणाचा दुसरा कागद नसतो, फोटोही नसतो. हे मला पहिल्या माणसाच्या वेळी समजलं, आणि मी वह्या स्कॅन केल्या याचा मला फार अभिमान वाटला.

वह्या गेल्यामुळे खंडेनवमीला पूजेत वहीऐवजी डबा आला. आजोबा त्यावर एक झेंडूचं फूल ठेवायचे, बस. गेल्या वर्षी मात्र डब्यावरची धूळ बघून मला राहवलं नाही. हत्याराची पूजा करायची तर त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायला हवी, हा नियम. विळीला आपण देतो, शिलाई मशीनला देतो, मग डब्यालाच का नाही? तो बसवल्या दिवसापासून कधीच बंद झाला नव्हता, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालायचा. मी तो नीट बटण दाबून बंद केला, कोरड्या फडक्यानं पुसला, पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं, नारळ ठेवला.

दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, निळा दिवा लुकलुकू लागला आणि लुकलुकतच राहिला. सुरू झाल्यावर डबा एकदा 'बीप' करतो, हे तो बसवताना ऐकलं होतं; तो आवाज काही आला नाही. तासाभरानंही नाही, संध्याकाळीही नाही.

मी तुमच्या बाबांना फोन लावला.

"आई, तू कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलंस?"

"वरून लावलं."

"वर जाळी आहे, आई. जाळीतून आत जातं."

"चिमूटभर वाहिलं रे."

पलीकडून तुमची आई हसल्याचं मला ऐकू आलं. मग बाबा जरा गंभीर झाले. डिस्क चांगल्या असतील, म्हणाले, पण त्यांनी चोरीच्या भीतीनं त्यांना कुलूप घातलं होतं. डबा सुरू झाला की तो स्वतःच कुलूप उघडायचा, त्यामुळे आम्हाला कधी ते जाणवलंही नाही. कुलपाची किल्ली त्या डब्याशीच बांधलेली, दुसऱ्या डब्यात डिस्क घातल्या तर उघडणार नाहीत. हातानं उघडायचा एक शब्द होता, तो बाबा विसरले होते. त्यांनी तिकडून बरेच शब्द पाठवले, तुमची दोघांची नावंही त्यात होती. पुण्याच्या ज्या माणसाकडे आम्ही डिस्क पाठवल्या त्यानं सगळे घालून बघितले आणि डिस्क परत पाठवल्या. संगमनेरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं डबा उघडलासुद्धा नाही. "आजी, बोर्ड गेलं. नवीन घ्या," म्हणाला.

दिवाळीनंतर पाथर्डीकडची एक बाई आली. मुलीला इथल्या कॉलेजात भेटायला आली होती. चुलतभावानं आपल्या ओळीचा फोटो दाखवला, मला पण माझी बघायची, म्हणाली. आजोबा म्हणाले, "मशीन बंद आहे."

"मंग कवा यिऊ, गुरुजी?"

"कळवतो."

ती चहा पिऊन गेली. आजोबा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन पेपर वाचत बसले. दोन पानं उलटायला त्यांना तास लागला. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. एकदा तरी चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी ठरवलं की हा डबा मी सुरू करणार.

आता माझ्या इंग्रजीचं सांगते. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकले, पुढे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नातेवाईक म्हणायचे, बाईंचं इंग्रजी फार चांगलं. पण त्या इंग्रजीचा इतका सरळ उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. डब्याच्या पाठीवरचा नंबर टाकून मी इंटरनेटवर शोधायला लागले. जगभरातली माणसं आपापल्या मेलेल्या डब्यांबद्दल लिहीत होती. पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो, बीप नाही. अगदी आमच्यासारखंच. त्यातल्या एकानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा दुरुस्त केला होता आणि पायरी-पायरीनं सगळं लिहून ठेवलं होतं. त्याचं स्पेलिंग इतकं वाईट की मी मनातल्या मनात लाल पेन चालवत वाचत होते, पण माणूस पक्का होता. त्याची एकही पायरी सुटलेली नव्हती.

त्यातून मला कळलं ते असं. डब्याच्या आत जो प्रोसेसर आहे त्या जातीच्या प्रोसेसरमध्ये एक दोष आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. प्रोसेसर एका तारेवरून सतत ठोके देतो. त्या ठोक्यांवर बाकीच्या चिपा आपापली पावलं टाकतात. वर्षं गेली की आतला तो ठोके देणारा भाग कमजोर होतो. डबा चालू असेपर्यंत कसंबसं निभतं. एकदा बंद केला की उठताना पहिल्यांदा जे वाचायचं असतं ते वाचलं जात नाही, आणि डबा तिथेच अडकतो.

मी आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तास देणारा शिपाई म्हातारा झाला. तास वाजतो, पण शेवटच्या वर्गापर्यंत ऐकू जात नाही."

"तसंच."

"मग उपाय?"

"त्या तारेला एक छोटा रेझिस्टर जोडायचा, विजेच्या बाजूनं. तो ठोका वर उचलून धरतो."

"शिपायाच्या हाताखाली कुणीतरी हात द्यायचा."

त्या इंग्रजी लिहिणाऱ्याच्या सांगण्यापेक्षा मला हे चांगलं समजलं. मी बाबांना सगळं पाठवलं. त्यांचा फोन आला, "आई, हे इंजिनिअरचं काम आहे."

"तू इंजिनिअर आहेस ना?"

"अगं, मी सॉफ्टवेअरवाला."

सोल्डरिंग करणारं माणूस हवं होतं. आजोबांनी जरा विचार करून विचारलं, "फॅट मशीनवाली करेल का?"

संगमनेर तालुक्यात गावोगाव दूध गोळा करणारी केंद्रं आहेत. तिथे दुधातला फॅट तपासायची मशीनं असतात. ती बिघडली की दुरुस्त करणारी एक बाई अकोले रस्त्याला दुकान टाकून बसली आहे. ती आजोबांची विद्यार्थिनी. लहानपणी दर वर्षी उसाच्या फडात जायची, पुढे आयटीआय झाली, लग्न होऊन इकडे आली. दिवाळीला न चुकता भेटून जाते.

संक्रांत झाल्यावर आम्ही गेलो. आजोबांनी डबा टॉवेलात गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतला होता. दुकानात टेबलावर दोन फॅट मशीनं उघडी पडलेली, आणि बाकावर दूध केंद्राचा एक माणूस वाट बघत बसलेला.

"गुरुजी! आन् बाई पन? या, या. हे काय, बाळंतिनीनं पोर आनल्यागत?"

"आजारी आहे," आजोबा म्हणाले. "बाईंनी पूजा केली तेव्हापासून डोळा उघडत नाही."

"अहो, दोष सापडलाय," मी म्हटलं. "उगाच काहीतरी."

बाकावरचा माणूस म्हणाला, "ताई, आधी माझं बघा. संध्याकाळचं दूध यायचंय."

"तुमाला चार वाजता देते. हे गुरुजींचं हाय."

"गुरुजींनी दूध घालायला सुरुवात केली काय?"

"दूध न्हाई, तुमच्यासारक्यांना अक्कल घातली त्यांनी. बसा गप."

तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं आणि डिस्क बाहेर काढल्या. मी त्यांच्यावर घरूनच एक आणि दोन अशा चिठ्ठ्या लावून नेल्या होत्या. तिनं बोर्ड उजेडात धरलं. "कुंकू हाय, बाई, आत."

मी वाकून बघितलं. "त्यानंच गेलं का?"

"न्हाई वो. दुधाच्या मशिनीत मी काय काय बघितलंय. मुंग्या, झुरळं, एकदा पालीची अंडी. चिमूटभर कुंकवानं बोर्ड मरत न्हाई." तिनं दात घासायच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं ते स्वच्छ केलं. मग हात पुसून म्हणाली, "आता तुमी सांगा. इंग्रजी मला वाचता येतं, पन त्याचा अर्थ लागायला येळ जातो. तुमी समजून सांगा, मी हात चालवते."

मी माझी वही उघडली. पायऱ्या क्रमानं लिहिलेल्या होत्या, शेजारी चित्र काढलेलं. बोर्डाच्या कडेला सुट्ट्या पिनांची एक छोटी दुहेरी रांग असते. त्यातल्या एका पिनेवर ठोका येतो, दुसरीवर तीन पॉइंट तीन व्होल्ट वीज असते. या दोन पिनांच्या मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर.

"शंभरचा रजिस्टन्स? हाय की." तिनं डबीतून एक काढला. तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे. "पिना खालून सोल्डर करू. वरून जागा न्हाई."

बोर्ड पालथं करून तिनं माझ्या चित्रात बघून पिन मोजली, पण सोल्डर करायच्या आधी डब्याला वीज देऊन मीटरची टोकं लावली. काटा नाही, आकडे दाखवणारं मीटर होतं. आकडा आला शून्य.

"बाई, हितं तीन पॉइंट तीन यायला पायजे."

"हो."

"येत न्हाई."

मी परत मोजलं. चित्र बरोबर होतं. मी ते तीनदा तपासून काढलं होतं. आजोबा म्हणाले, "त्या स्पेलिंगवाल्याचंच चुकलं असेल." मला ते पटेना. स्पेलिंग चुकवणारा माणूस पायऱ्या चुकवत नव्हता. मी चित्राकडे बघत बसले, मग पालथ्या बोर्डाकडे, आणि एकदम लक्षात आलं. शिवणकाम शिकताना मी एकदा ब्लाउजचं कापड उलटं धरून बेतलं होतं, आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या होत्या.

"चित्र वरून काढलेलं आहे," मी म्हटलं. "आपण खालून बघतोय. डावं ते उजवं झालंय."

तिनं कपाळावर हात मारला. "आन् मी रोज ह्योच धंदा करते!" मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं, मीटर लावलं. तीन पॉइंट तीन. तिनं वीज काढली, रेझिस्टरचे पाय वाकवले, त्यांवर बारीक नळी चढवली आणि दोन ठिकाणी सोल्डर केलं. दोन्ही मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पुन्हा मीटरनं तपासलं. आधी डिस्कशिवायच सुरू करून बघू, असं मी सांगितलं, कारण ती पायरी माझ्या वहीत होती.

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. निळा दिवा लुकलुकू लागला. आजोबा बाकावरून उठून उभे राहिले. मी मनात आकडे मोजत होते, नव्वदच्या पुढे गेले, आणि डबा वाजला. बीप.

मग बाकावरचा माणूस म्हणाला, "झालं ना? आता माझं घ्या."

डिस्क घालून परत एकदा बघितलं. परत बीप. ती झाकण लावता लावता म्हणाली, "बाई, मी फक्त हात दिलाय. प्रोसेसर म्हातारा तो म्हाताराच. आतलं सगळं लवकर दुसरीकडं उतरवा. आन् बंद करू नका." मग आजोबांकडे वळून म्हणाली, "गुरुजी, गुरवारी दुकान बंद असतं. मी येनार. माजी वळ दावायची."

गुरुवारी ती आली. आजोबांनी टीव्ही लावला, वर्ष काढलं, पान काढलं. तिचं नाव होतं, वस्ती होती, देवळालीचा कारखाना होता, गेल्याची आणि आल्याची तारीख होती. ती खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. आजोबांनी ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. "पान अठ्ठावीस."

ती वाकून बघत राहिली. रोज बारीक बोर्डं बघणारे डोळे तिचे. "गुरुजी," ती म्हणाली, "हितं आकडाच न्हाई."

"आहे. तुला दिसत नाही."

"न्हाई गुरुजी. कागदच संपलाय."

मी चष्मा लावून जवळ गेले. कागद खरंच संपला होता. पानाची उजवी कड स्कॅनमध्ये आलीच नव्हती. मी पुढचं पान काढलं, त्याच्या पुढचं, मग दुसरी वही. सुरुवातीच्या सहा वह्या लांबरुंद, फुलस्केप होत्या. स्कॅनरची काच त्यापेक्षा लहान. मी डावी कड नीट जुळवून ठेवत गेले आणि उजवी कड काचेबाहेर राहिली. मुलांच्या वहीत समास नसला तर मी गुण कापायचे. त्या सहा वह्यांतला पानाचा सगळा रकाना मी कापला होता आणि कागद रद्दीत दिला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"रद्दी गेली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून रद्दी परत येणार होती का?"

"आणि इतकी वर्षं लोकांना जे आकडे सांगत होतात ते?"

आजोबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "काही आठवत होते. काही... अगं, पुस्तक मला पाठ आहे. दसऱ्या-दिवाळीपर्यंत पंचवीस-तीस पानंच होतात. कुणाचं फार चुकलं नसेल."

"माजं चुकलंय," फॅट मशीनवाली म्हणाली. "मी चौतीसवर हुते."

"इतकं कसं आठवतं?"

"त्या पानावर बैलगाडीचं चित्र हुतं. तिचं एक चाक मी पेन्सिलीनं काळं केलं हुतं. फडावर गेल्यावर मला सारकं वाटायचं, गुरुजींनी पुस्तक उघडलं तर मार बसंल."

"पुस्तक खराब केलंस म्हणजे."

"तुमी उगडलंच चौतीसवर. बघितलं, आन् काय बोलला न्हाई. 'चल, हितून पुढं' म्हनला."

आजोबा हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी माणसं होती, टीव्हीचा फोटो काढून बायकोला पाठवणारी. पण आता रडून उपयोग नव्हता, आणि मला काम दिसत होतं. मी कपाटातून एक नवी फुलस्केप वही काढली आणि पट्टी घेऊन रकाने आखले, आजोबांच्या वहीत होते तसेच. पानाचा रकाना या वेळी डावीकडे, नावाच्या लगेच नंतर घेतला. पहिली ओळ तिची लिहिली : पान चौतीस. शेजारी कंसात, स्वतः सांगितलं.

मग आजोबांना म्हटलं, "आता फोन करा."

"कुणाला?"

"ज्यांना ज्यांना तुम्ही आकडा सांगितला त्यांना. त्या सहा वह्यांतल्या सगळ्यांना."

"काय सांगू? मी थापा मारल्या?"

"आकडा माझ्या मनाचा होता, असं सांगा. आणि तुमचा तुम्हाला आठवतो का, विचारा."

चहाचे कप उचलता उचलता फॅट मशीनवाली म्हणाली, "गुरुजी, बाईंनी गृहपाठ दिला."

पहिले दोन-तीन फोन त्यांना जड गेले. फोन हातात घेऊन ते अंगणात जाऊन यायचे. नंतर बरं जमायला लागलं. बऱ्याच जणांना पान आठवत नव्हतं. काहींना पान नाही पण धडा आठवत होता, तो सांगितला की आजोबा आकडा काढायचे, आणि मी तो कंसात 'धड्यावरून' असं लिहून ठेवायचे. एक टेम्पोवाला म्हणाला, "असू द्या गुरुजी, मी तुमचाच आकडा धरलाय. गाडीच्या मागं लिवलाय पन." तो आकडा मी वहीत घेतलेला नाही. दिवाळीनंतर रिकाम्या हातानं परत गेलेली ती पाथर्डीकडची बाई आता फोनवर बराच वेळ बोलली. तिची ओळ पुढच्या वीस वह्यांतली निघाली, आकड्यासकट, आजोबांच्या अक्षरात. तिला मी फोटो पाठवला.

डब्यातलं सगळं मी एका नव्या डिस्कवर उतरवलं आहे, एक प्रत तुमच्या बाबांकडे पाठवली आहे, आणि सव्वीस वह्या जाड कागदावर छापून घेऊन त्याच जुन्या सुतळीनं बांधल्या आहेत. नव्या डिस्कला कुलूप नाही. येत्या खंडेनवमीला डबा पूजेत असेल, चालू असेल, आणि कुंकू पाटावर वाहीन.

आता काय उरलं आहे ते लिहून ठेवते. सव्वीस वह्यांपैकी वीस पूर्ण आहेत. सहा वह्यांत नावं, वस्त्या, कारखाने आणि तारखा आहेत, पानाचे आकडे नाहीत. त्यांतले एकोणीस आकडे आजपर्यंत ज्यांचे त्यांच्याकडून परत मिळाले. ते नव्या वहीत आहेत, माझ्या अक्षरात, कपाटाच्या वरच्या खणात.